नास्तिकांचा नाताळ: चांदणी लावायची की न्यूटनचा वाढदिवस करायचा?

आमच्या घरात देव्हारा नाही, तरी डिसेंबर लागला की मुलीला गॅलरीत कागदी चांदणी हवी असते. आमच्या सोलापुरातच सात रस्त्याजवळ राहणारा माझा मेहुणाही देव न मानणारा, पण चांदणीला तो हात लावत नाही. त्याच्याकडे २५ डिसेंबर म्हणजे न्यूटनचा वाढदिवस, आणि १९२७ साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला मनुस्मृती जाळली तो दिवस.

आमचं काम सोपं. नव्या पेठेतून चांदणी आणायची, आत बल्ब सोडायचा, बेकरीतला प्लम केक कापायचा. शेजारच्या ख्रिस्ती काकूंकडून करंज्यांचं ताट येतं. ते रिकामं कसं पाठवणार? मागच्या वर्षी त्यात शेंगाचटणीची पुडी ठेवली. प्रार्थना नाही, चर्च नाही. तशी बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख नाहीच. रोममध्ये २५ डिसेंबरची नोंद सापडते ती ३३६ सालची.

मेहुण्याकडे भाषण जास्त, खाणं कमी. पोरं जांभया देतात. शिवाय न्यूटनची ती तारीख जुन्या कॅलेंडरची, आजच्या हिशेबानं ४ जानेवारी १६४३. हे काढलं की मेहुणा चहा टाकायला उठतो. महाडचं मात्र तो सांगायला लागला की मीही गप्प ऐकतो. तिथं त्याचं पारडं जड.

तरी घरात लहान मूल असेल तर मी चांदणीच म्हणेन. आमची यंदाची लागलीसुद्धा. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा होईपर्यंत काढायची नाही, असं मुलीनं बजावलंय.