पद्मिनीला फॅन कुठला: बेल्टवरचा की इलेक्ट्रिक?

प्रीमियर पद्मिनीत, म्हणजे आपल्या जुन्या फियाटमध्ये, रेडिएटरसाठी इंजिनाच्या बेल्टवर फिरणाऱ्या फॅनऐवजी इलेक्ट्रिक फॅन बसवायचं मनात असेल तर आधी बॉनेट उघडा आणि बॅटरी चार्ज करायला गाडीला जुना डायनॅमो आहे की नंतरचा अल्टरनेटर ते बघा. डायनॅमो असेल तर माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच झाला. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, डायनॅमो जवळजवळ काहीच चार्ज करत नाही आणि इलेक्ट्रिक फॅनला करंट लागतो तो नेमका तेव्हाच, सिग्नलला किंवा टोलच्या रांगेत उभं असताना. लहान गाडीचा फॅन साधारण 8 ते 10 अँपिअर घेतो, म्हणजे दोन्ही हेडलाइट मिळून घेतात जवळपास तेवढा. पावसाळ्यातल्या रात्री हेडलाइट, वायपर आणि फॅन तिन्ही चालू ठेवून दादर ते सायन रखडलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतील. अल्टरनेटर असेल किंवा बसवून घेणार असाल, तर पुढचं वाचा.

बेल्टवरच्या फॅनची बाजू आधी मांडतो, कारण त्याला उगाच नावं ठेवली जातात. त्याला वायर नाही, फ्यूज नाही, स्विच नाही. इंजिन फिरतंय तोवर तो फिरतो. रस्त्यात काही झालंच तर कुठल्याही गावातल्या मिस्त्रीला तो कळतो. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल, व्हिंटेज रॅलीला न्यायची असेल, तर प्रश्नच मिटला. आणि खरं सांगायचं तर तापणाऱ्या बऱ्याच गाड्यांत दोष फॅनचा नसतोच. वर्षानुवर्षं बोअरिंगचं पाणी भरून रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी बुजलेल्या असतात, किंवा कुणीतरी थर्मोस्टॅट (इंजिनातल्या पाण्याचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) काढून फेकलेला असतो. आधी रेडिएटर खाली उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, साध्या पाण्याऐवजी कूलंट भरा, बेल्टचा ताण बघा. एवढ्यावर तापमानाचा काटा जागेवर राहिला तर पैसे वाचले.

बेल्टवरच्या फॅनची अडचण आहे ती कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना. वेगात तो गरजेपेक्षा जास्त फिरतो, तेव्हा समोरून वारा येतच असतो. गाडी उभी असताना मात्र तो रेंगाळतो. शिवाय माझ्या गाडीत फॅनभोवती श्राउड (हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून असणारं कडं) नाही, त्यामुळे जी हवा ओढली जाते तीही अर्धी बाजूने निसटते. हे सगळं मी सहन केलं असतं. ट्रॅफिकमध्ये काटा थोडा वर चढतो, हीटर चालू करून, काचा खाली करून माणूस निभावून नेतो.

मला छळलं ते व्हेपर लॉकनं, म्हणजे उष्णतेनं पेट्रोलची वाफ होऊन इंजिनाला पेट्रोल न मिळण्यानं. फियाटवाल्यांना हे नव्यानं सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये खोपोलीहून घाट चढून खंडाळ्यात चहाला थांबायचं. इंजिन बंद केलं की फॅनही बंद. सगळी उष्णता बॉनेटखाली कोंडून पेट्रोल पंप आणि कार्ब्युरेटरवर चढते. पंधरा मिनिटांनी चावी फिरवावी तर स्टार्टर नुसता गरगरतो, इंजिन पकडत नाही. मग बॉनेट उघडायचं, पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा सल्ला ऐकत उभं राहायचं. ‘काका, पेट्रोल आहे ना?’ हा प्रश्न ठरलेला. घरच्यांनी त्यावरून थर्मासमध्ये चहा भरून घ्यायला सुरुवात केली. बरं, गाडी तापलेली नसायची. काटा ठीक, पाणी ठीक, तरी चालू व्हायची नाही. बेल्टवरच्या फॅनकडे याला उत्तर नाही, कारण इंजिन थांबल्यावर तो काहीच करू शकत नाही.

इलेक्ट्रिक फॅन करू शकतो. मी ठरावीक तापमानाला फॅन आपोआप चालू करणाऱ्या थर्मो-स्विचच्या जोडीला डॅशबोर्डखाली एक टॉगल स्विच घेतला, त्याचा सप्लाय चावीवर न ठेवता. गाडी उभी केली की दोन मिनिटं फॅन तसाच चालू ठेवतो. पाण्याचा पंप थांबलेला असल्यामुळे इंजिनातलं पाणी यानं फारसं थंड होत नाही, पण बॉनेटखालची कोंडलेली गरम हवा हलते. दोन मिनिटांत बॅटरीतून अर्धा अँपिअर-अवरही जात नाही. मोजमाप म्हणाल तर माझ्याकडे नाही. ओलं फडकं आता काचा पुसायला वापरतो, एवढंच सांगू शकतो. तुमच्या गाडीत पेट्रोलची लाइन एक्झॉस्टला खेटून गेली असेल तर फॅननं फरक पडेलच असं नाही. ती आधी लांब घ्या.

इलेक्ट्रिक फॅनबद्दलचे दोन दावे मात्र मला पटलेले नाहीत. एक म्हणजे अ‍ॅव्हरेज वाढतं. वाढत असेलही, मला जाणवलं नाही. घाटात तिसऱ्या गिअरवर गाडी जरा मोकळी ओढते असं वाटतं, पण तो मनाचा खेळही असू शकतो. दुसरं, बेल्ट तुटला तरी इलेक्ट्रिक फॅनवर घरी पोचता येतं. नाही येत. पाण्याचा पंप त्याच बेल्टवर आहे. बेल्ट तुटला की मुकाट्यानं बाजूला घ्या.

पावसाळ्यातला एक फायदा मात्र खरा. मिलन सबवेसारख्या ठिकाणी पाणी साचलेलं असताना बेल्टवरचा फॅन पाणी उडवून स्पार्कसाठीची कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर भिजवतो. इलेक्ट्रिक फॅन तेवढ्यापुरता बंद ठेवता येतो.

बसवायचं ठरलंच, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मारुती 800 चे जुने फॅन मिळतात. नेण्याआधी रेडिएटर आणि पाण्याच्या पंपाच्या पुलीमधलं (बेल्ट बसतो त्या चाकामधलं) अंतर मोजून न्या, कारण तिथे जागा बेताची असते. फॅन रेडिएटरच्या आतल्या बाजूला, हवा ओढणाराच लावा. चालू करून समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरा, तो चिकटला पाहिजे. उडून गेला तर वायरी उलट्या जोडल्यात. प्लॅस्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या जाळीतून ओवून फॅन बांधणारे मिस्त्री भेटतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. हादऱ्यांनी घासून नळी फुटते. लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट करून ते रेडिएटरच्या चौकटीला बोल्ट करा. करंट बॅटरीवरून थेट, फ्यूज आणि रिलेमधून (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून) घ्या. टॉगल स्विचवर फॅनचा पूर्ण भार टाकू नका, तो वितळतो. स्विचजवळ एक लाल इंडिकेटर दिवा लावा, नाहीतर फॅन चालू ठेवून घरात जाल.

जुना फॅन काढताना बोल्ट बघा. फॅन आणि पुली एकाच बोल्टांवर असतील तर फॅनच्या जाडीएवढे वॉशर टाका किंवा आखूड बोल्ट घ्या, नाहीतर पुली नीट आवळली जात नाही. काढलेला फॅन बोल्टांसकट डिकीत ठेवा. मी अजून ठेवतो, लांबच्या प्रवासाला तर नक्कीच.