अमेरिकेचे दोन निवडणूक कायदे: १९९३ आणि २००२

१९९३ चा मतदार नोंदणी कायदा लोकांना यादीत आणण्यासाठी होता. गाडीचं लायसन्स काढतानाच नाव नोंदवा, म्हणून त्याला 'मोटर व्होटर' म्हणतात. केवळ मत दिलं नाही म्हणून कुणाचं नाव कापता येत नाही, हे त्यातलं मला सर्वांत मोलाचं कलम वाटतं. पण राज्यांना खर्चासाठी केंद्राकडून पैसा मिळाला नाही.

२००२ चा कायदा आला तो फ्लोरिडाच्या धड्यानंतर. २००० साली तिथे ५३७ मतांच्या फरकाने राष्ट्राध्यक्ष ठरला आणि मत देण्यासाठी पाडायची भोकं अर्धवट राहिलेल्या मतपत्रिका भिंगाखाली तपासाव्या लागल्या. या कायद्याने जुनी यंत्रं बदलायला निधी दिला, राज्यभराची एकच संगणकीय यादी सक्तीची केली. प्रत्येक मतदान केंद्रावर अपंगांना स्वतः, गुप्तपणे मत देता येईल अशी सोय आली. यादीत नाव सापडलं नाही तरी तात्पुरती मतपत्रिका मिळते. पात्रता नंतर तपासतात.

दोन्हींत चांगला कोणता म्हणाल, तर माझा कौल दुसऱ्या कायद्याकडे, कारण त्याने कामासोबत पैसाही दिला. मात्र त्याने स्थापन केलेल्या चार सदस्यांच्या निवडणूक साहाय्य आयोगात निर्णयाला तीन मतं लागतात, आणि तिथे गाडी अडते.