आधी गुडघा की आधी झडप?

सत्तरी ओलांडलेल्या आईच्या गुडघेबदलाची तारीख ठरते, फिटनेससाठी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो आणि रिपोर्टात ‘सिव्हिअर एओर्टिक स्टेनोसिस’ निघतं. हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप कडक होऊन तिचं तोंड अरुंद झालेलं असतं. मग घरात प्रश्न पडतो: गुडघा उरकून घ्यायचा, की आधी झडप बदलायची?

झडपेचं क्षेत्रफळ 1 चौरस सेंटिमीटर किंवा कमी, मीन ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक) 40 मिमी पारा किंवा जास्त, रक्ताचा वेग सेकंदाला 4 मीटर किंवा जास्त, हे तीव्र आजाराचे आकडे.

गुडघा आधी करायचा तर खरी भीती भुलीची. पाठीतून दिलेल्या भुलीने रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. निरोगी हृदय जास्त रक्त ढकलून ते सावरतं. इथे तोंडच अरुंद, जास्त ढकलणार कुठून? बीपी पडलं की हृदयाच्या स्वतःच्या स्नायूलाच रक्त कमी पडतं, ते थकतं आणि बीपी आणखी खाली येतं. म्हणून अनुभवी भूलतज्ज्ञ मनगटाच्या धमनीत नळी घालून ठोक्यागणिक बीपी पाहतात. लक्षणं अजिबात नसतील आणि हृदयाचं पंपिंग चांगलं असेल, तर अशा तयारीनिशी गुडघा आधी करता येतो.

पण ‘लक्षणं नाहीत’ यावर चटकन विश्वास ठेवू नका. गुडघ्यामुळे आई जिनाच चढत नसेल, तर तिला धाप लागणार कधी? आधी ती काय काय करायची आणि आता काय सोडलंय, हे नीट विचारा. एनटी-प्रोबीएनपी या रक्ततपासणीतूनही हृदयावर किती ताण आहे याचा अंदाज येतो.

झडप आधी. धाप, छातीत दुखणं किंवा चक्कर येऊन पडणं, यांपैकी एक जरी असेल तर माझं मत ठाम आहे: गुडघा थांबू शकतो, झडप नाही.

ती दोन प्रकारे बदलतात. जांघेतून नळी घालून बसवण्याच्या पद्धतीला टावी म्हणतात. 2002 मध्ये फ्रान्समधल्या रुआँ इथे अ‍ॅलन क्रिबिए यांनी ती पहिल्यांदा केली. छाती उघडावी लागत नाही, पेशंट लवकर हिंडू लागतो. मात्र खर्च कित्येक लाखांनी जास्त, आणि पेसमेकर लागण्याची शक्यताही ओपन सर्जरीपेक्षा जास्त. ओपन सर्जरीत छातीचं हाड जुळेपर्यंत साधारण दोन-तीन महिने हातांवर जोर देता येत नाही. गुडघेबदलानंतर तर वॉकरवर हातांनीच भार घ्यावा लागतो. त्यामुळे गुडघ्याची तारीख बरीच पुढे जाते, हे कुटुंबाला आधी कुणीतरी सांगायला हवं.

या वयात सहसा जैविक झडप बसवतात. धातूची बसवली तर आयुष्यभर वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध, आणि पुढच्या प्रत्येक मोठ्या ऑपरेशनआधी ते थांबवायची कसरत.

खुबा मोडला असेल तर हा हिशेब लागू नाही. तिथे दिवसच काय, तासही मोलाचे असतात. अंथरुणाला खिळल्याने न्यूमोनिया आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढत जातो. इको लगेच होत असेल तर करावा, पण त्यासाठी ऑपरेशन लांबवू नये. झडप तीव्र अरुंद आहे असं धरून भूल द्यावी.