जव्हार-मोखाडा रस्त्यावरची बायांची खानावळ : जेवण एक नंबर, पण आधी फोन करा

आधी हे सांगते की आम्ही तिथे दोनदा गेलो आणि पहिल्यांदा उपाशी परत आलो. ठाण्याहून पहाटे निघून साडेबाराला पोचलो तर चूल थंड, बाकं उलटी करून ठेवलेली, आणि शेजारचा टपरीवाला म्हणतो, "बाया मोर्चाला गेल्यात, उद्या या." नवरा वैतागला, मीही वैतागले, खोटं कशाला बोलू. त्या जागेला मॅपवर कुणीतरी "बंद होतं" एवढंच लिहून एक स्टार दिलाय, तो मी नाही दिलेला, पण त्या दिवशी दिला असता.

दुसऱ्यांदा फोन करून गेलो, जूनच्या शेवटाला. (नंबर बाहेरच्या पत्र्यावर खडूने लिहिलाय, बाकी नाव-बीव काही नाही, सगळे "बायांची खानावळ"च म्हणतात.) बचत गटातल्या नऊजणी पाळीपाळीने चालवतात, बहुतेक वारली, दोघी कोकणा (दोन्ही इथल्या आदिवासी जमाती). थाळी १३० रुपये, गावठी कोंबडीची २२०. साध्या थाळीत नागलीच्या दोन भाकऱ्या, काळ्या उडदाचं डांगरासारखं घट्ट वरण, एक रानभाजी, खुरासणीची चटणी, भात. वरणाला तेल जवळपास नाहीच, आणि तरी मी दोनदा मागून घेतलं. भाजी शेवळांची होती. शेवळं नीट शिजली नाहीत तर घसा असा खाजतो की बोलायची सोय नाही, म्हणून त्यात काकड नावाच्या झाडाची आंबट फळं टाकतात. घरी मी एकदा चिंचेवर भागवलं होतं, तो दिवस आठवला. इथे काही खाजलं नाही. चटणी मात्र जाम तिखट आहे, सांगूनही कमी करत नाहीत, लहान मुलं असतील तर बाजूला ठेवा.

उशीर होतो हे धरून चला. पाऊण तास लागला. भाकरी पान वाढल्यावरच थापतात, आणि थापणाऱ्या मावशींनी एका हाताने परात फिरवत दुसऱ्या हाताने भाकरी अशी पातळ केली की मी मोबाईल काढायचाच विसरले.

मी सहज विचारलं की मावशी, त्या दिवशी कसला मोर्चा होता? "प्लॉटचा." म्हणजे वनपट्ट्याचा. २००६ चा वनहक्क कायदा आहे, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलजमीन कसत असाल तर ती तुमच्या नावावर व्हायला पाहिजे, आणि लग्न झालेलं असेल तर नवरा-बायको दोघांच्या नावाने. हे शेवटचं मला माहीतच नव्हतं, मावशींना कलमासकट पाठ होतं. कसतात दीड एकर, कागद आला अकरा गुंठ्यांचा, म्हणून कचेरीवर परत परत जायचं. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला जो लाँग मार्च आला त्यातही त्या होत्या. दहावीच्या पोरांचा पेपर चुकू नये म्हणून शेवटच्या रात्री झोपायचं सोडून सायनहून आझाद मैदानापर्यंत चालले ते हेच लोक. मुंबईत कुणीतरी दिलेली चप्पल त्यांनी दोन वर्षं वापरली म्हणे. "आकाराने मोठी होती, पण पाय फुटलेले, बरीच पडली," असं म्हणून हसल्या.

त्यांच्या एक म्हाताऱ्या जाऊबाई कोपऱ्यात मोहाची फुलं निवडत बसलेल्या, माहेर तलासरीकडचं. त्यांच्या आईने वारल्यांच्या लढ्याच्या पुढारी गोदावरी परुळेकरांना पाहिलेलं, तिकडे गोदाराणीच म्हणतात. १९४५ च्या वारल्यांच्या उठावाआधी लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा सावकाराचा लग्नगडी, म्हणजे कर्जापायी बांधलेला वेठबिगार, व्हायचा आणि बायकोही आपोआप त्याच्याच दारात राबायची, हे त्या अगदी सहज सांगत होत्या, मधेच मोहातली काडी फेकत.

खानावळ कशाला काढली, तर दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जावं लागायचं, उचल आधीच घेतलेली, पोरांची शाळा बुडायची. आता नऊजणींतल्या सहा जात नाहीत. तिघी अजून जातात, १३० च्या थाळीत सगळ्यांचं भागत नाही. त्यामुळे कुणी "आदिवासी जेवण एवढं महाग?" म्हणत असेल तर प्लीज घरी पोळी-भाजी खा. आमच्या शेजारच्या टेबलावर एका ग्रुपने भाव केलाच, वर मावशींना नाचायला सांगितलं, तारपा (वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य) कुठाय म्हणून. मावशींनी शांतपणे बिल दिलं, दहा रुपयेही कमी केले नाहीत, मला भारी वाटलं.

मोहाचे लाडू घेतले, पाव किलो. मोहाची फुलं, तीळ, गूळ. चव मनुक्यासारखी पण मागून जरा धुरकट, मला आवडले, नवऱ्याला नाही. फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली वेचायची, उन्हं वर यायच्या आत, आणि गच्चीवर नाही, अंगणात सारवून वाळवायची. पॅकिंग साध्या पिशवीचं आहे, दमट हवेत आठवड्यात चिकट झाले, डबा घेऊन जा.

बाकी गैरसोयी : टॉयलेट मागच्या शेतात आहे, कडी धड लागत नाही. इंटरनेट चालत नाही म्हणून ऑनलाइन पैसे जात नाहीत, कॅश ठेवा, मला टपरीवाल्याकडून पन्नास उसने घ्यावे लागले. माझे चार स्टार, एक कडीचा कापला. मोर्चाचा नाही.

शेवळं संपली की बांबूचे कोंब सुरू होतात. जुलैत आवणी (भाताची लावणी) चालू झाली की सगळ्या चिखलात असतात, चूल दुपारी एकनंतरच पेटते.