दुबईचे २०,००० दिऱ्हाम की जर्मनीचे ६०,००० युरो?

दोन ऑफर समोर आहेत. दुबईत महिना २०,००० दिऱ्हाम, जर्मनीत वर्षाला ६०,००० युरो. बहुतेक जण दोन्हींचे रुपये करतात आणि मोठा आकडा उचलतात. घोळ तिथेच होतो, कारण पहिला आकडा हातात पडणारा आहे आणि दुसरा कापण्याआधीचा.

दुबईत पगारावर आयकर नाही, त्यामुळे २०,००० म्हणजे २०,०००च. जर्मनीत एकट्या, मूलबाळ नसलेल्या माणसाच्या ६०,००० मधून २०२५च्या दरांनी पेन्शन, आरोग्य, बेरोजगारी आणि शुश्रूषा विम्याचे मिळून सुमारे १२,९०० युरो जातात, वर साधारण ९,५०० आयकर. महिन्याला उरतात ३,१०० च्या आसपास. जोडीदार कमवत नसेल तर ‘स्टॉयरक्लासे ३’ या करवर्गामुळे यात महिना साडेतीनशेहून जास्त भर पडते. मात्र जोडीदार भारतातच राहिला तर ही सवलत मिळत नाही. ‘आधी मी जातो, कुटुंब वर्षभराने येईल’ म्हणणाऱ्यांनी हिशेब एकट्याच्या करानेच करावा.

घराची चावी

दुबईत भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. वार्षिक ८४,००० दिऱ्हामचा फ्लॅट, चार चेक, असं धरू. पहिला चेक २१,०००. डिपॉझिट ५ टक्के, म्हणजे ४,२००. दलाली साधारण तेवढीच. वीज-पाण्याच्या जोडणीची अनामत २,०००. झाले ३१,४००, म्हणजे दीड पगाराहून जास्त, आणि अजून फर्निचर घेतलेलं नाही, पहिला पगारही झालेला नाही. चेक जितके कमी तितकी भाड्यात घासाघीस करता येते, म्हणून भाड्यासाठी आगाऊ रक्कम देणार का, हे कंपनीला सही करण्याआधी विचारावं. सही झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

वीजबिलात हाउसिंग फीही येते. ती वार्षिक भाड्याच्या ५ टक्के असते आणि महिन्यांत वाटली जाते. इथे महिना ३५०. एसी ‘डिस्ट्रिक्ट कूलिंग’वर, म्हणजे अनेक इमारतींना एकाच केंद्रातून मिळणाऱ्या थंडाव्यावर, असेल तर त्या कंपनीचं बिल वेगळं, आणि त्यातला स्थिर आकार महिनाभर एसी लावला नाही तरी भरावा लागतो. जाहिरातीत ‘चिलर फ्री’, म्हणजे थंडाव्याचं बिल भाडेकरूकडे नाही, असं लिहिलंय का, ते आधी बघा. चेक वटला नाही तर घरमालक दावा न लढता थेट अंमलबजावणी न्यायालयात वसुलीला जाऊ शकतो, त्यामुळे तारखा वहीत लिहून ठेवायच्या.

जर्मनीत डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या ‘काल्टमीटे’इतकं, म्हणजे हीटिंग वगैरे धरण्याआधीच्या भाड्याइतकं. ते तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्यानेच आहे. २०१५ पासून दलाली जो दलाल नेमतो त्याने भरायची, म्हणजे बहुधा घरमालकाने. धक्का बसतो तो रिकाम्या स्वयंपाकघराचा. बऱ्याच घरांत ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून फक्त नळाचे पाइप आलेले. ते सगळं आपण बसवायचं किंवा आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्यायचं. वर्षअखेरीच्या हिशेबानंतर हीटिंग-पाण्याच्या फरकाचं बिलही येऊ शकतं, त्याची थोडी तजवीज हवी.

पण खरी अडचण पैशांची नाही, घर मिळण्याची आहे. म्युनिक-बर्लिनमध्ये घरमालक ‘शुफा’ या पतनोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा पतअहवाल आणि मागची पगारपत्रकं मागतो, आणि नवख्याकडे दोन्ही नसतात. म्हणून सुरुवातीला तात्पुरतं फर्निश्ड घर घ्यावं लागतं. ते घेताना एकच गोष्ट पक्की करा: मालक ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’, म्हणजे तुम्ही तिथे राहता असा दाखला, देणार ना? त्या कागदाशिवाय पत्त्याची नोंदणी (आनमेल्डुंग) होत नाही, नोंदणीशिवाय करक्रमांक येत नाही, आणि तो लांबला तर कंपनी सगळ्यात जड अशा ‘स्टॉयरक्लासे ६’ ने कर कापू लागते. जादा कापलेलं पुढे परत मिळतं, पण ते महिने ओढाताणीत जातात.

आजारपण, नोकरी, मुलं

जर्मनीत कापलेले पैसे इथे दिसू लागतात. आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार, त्यानंतर विम्याकडून पगाराच्या सुमारे ७० टक्के. नोकरी गेली तर १२ महिने विमा भरलेल्याला सहा महिने निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असल्यास ६७. न कमावणारा जोडीदार आणि मुलं सरकारी आरोग्य विम्यात फुकट येतात. पगार सरकारी विमा सक्तीचा असण्याच्या मर्यादेपलीकडे गेला की तरुणांना स्वस्त खासगी विमा खुणावतो, पण तिथे दर डोई वेगळा हप्ता आणि परतीची वाट अवघड. कुटुंब वाढणार असेल तर त्या वाटेला न गेलेलं बरं.

दुबईत प्रोबेशननंतर वर्षाला ९० दिवस आजारी रजा आहे, पण पूर्ण पगार पहिल्या १५ दिवसांचा, पुढचे ३० अर्ध्या पगारावर, उरलेले बिनपगारी. नोकरी सुटली की व्हिसाच्या प्रकारानुसार ६० ते १८० दिवसांत दुसरी सोय लावायची. फ्लॅटचे चेक मात्र तोवर वटतच राहतात.

शाळेचा प्रश्न मुलाच्या वयावर सुटतो. जर्मन सरकारी शाळा फुकट आहे, शिकवणं जर्मनमध्ये, आणि बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटली जातात. पाच वर्षांचं मूल वर्षभरात भाषा उचलतं. चौदा वर्षांच्या मुलाला तिथे नेऊन टाकणं आम्हाला पटत नाही. त्याच्यासाठी दुबईतली सीबीएसई शाळा सरळ पडते. फी तुमच्या खिशातून जाते, ती पगारात धरली आहे का ते बघा.

रोजचं जगणं? दुबईत जून ते सप्टेंबर दुपारचं बाहेर पडणं विसरायचं. बर्लिनमध्ये डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो आणि रविवारी दुकानं बंद. कोणती उदासी झेपेल, ते ज्याचं त्याने ठरवावं.

किती वर्षं?

तीन-चार वर्षांत पैसे साठवून परतायचं असेल तर दुबई. जर्मनीत तेवढ्यात भरलेल्याचा पुरता फायदा हाती येत नाही. कायमचं जायचं असेल तर उलट: ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) बी१ म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत, ए१ म्हणजे अगदी प्राथमिक येत असेल तर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. भाषेच्या वर्गाला पहिल्याच महिन्यात नाव घाला, कारण नोकरी रुळल्यावर संध्याकाळ मोकळी राहत नाही.

दुबईच्या करारात एक ओळ बोट ठेवून वाचा: बेसिक किती? निघताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर असते, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांची. २०,००० पैकी बेसिक १०,००० असेल तर पाच वर्षांचे ३५,०००, १४,००० असेल तर ४९,०००. पगार तोच, फरक १४,०००चा. मागायची वेळ सहीच्या आधीचीच.