अल्कीनला पाणी जोडायचंय: आम्ल, पारा की बोरेन?

अल्कीन म्हणजे दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असलेला रेणू. त्या बंधावर पाणी जोडून अल्कोहोल करायचं, मागणी एवढीच असते. पण त्यासाठी पुस्तकात तीन अभिक्रिया लागोपाठ येतात: आम्लाच्या उपस्थितीत थेट पाणी, मर्क्युरिक ॲसिटेट वापरून ऑक्सिमर्क्युरेशन आणि बोरेन वापरून हायड्रोबोरेशन. तिन्हींच्या शेवटी अल्कोहोलच मिळतं, म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांची सरमिसळ होते. 'मार्कोव्हनिकोव्ह, मार्कोव्हनिकोव्ह, उलट' एवढं पाठ असतं (मार्कोव्हनिकोव्हचा नियम: नवा हायड्रोजन जास्त हायड्रोजन असलेल्या कार्बनवर बसतो, ओएच म्हणजे अल्कोहोलचा ऑक्सिजन-हायड्रोजन गट दुसऱ्यावर) आणि पहिल्याच जरा वाकड्या प्रश्नाला ते कमी पडतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. 'ओएच कुठे बसेल?' हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा: या वाटेत मोकळा कार्बोकॅटायन, म्हणजे धनभार असलेला कार्बन, तयार होतो का? त्याचं उत्तर शोधायला आम्ल-आम्लारीचा धडा लागतो. बहुतेक जण अल्कीनपर्यंत येताना नेमका तोच मागे सोडून आलेले असतात.

एकच रेणू, तीन उत्तरं

३,३-डायमिथिल-१-ब्युटीन घ्या. कागदावर काढाच, नुसतं वाचून भागणार नाही. डावीकडे दुहेरी बंध, त्याचं टोक मोकळं. दुहेरी बंधाला लागूनच तिसरा कार्बन आणि त्याच्यावर तीन मिथिल गट. हा गजबजलेला तिसरा कार्बन तिन्ही वाटांची परीक्षा घेतो.

विरल सल्फ्युरिक आम्ल आणि पाणी घातलं तर प्रोटॉन पहिल्या कार्बनवर बसतो आणि धनभार दुसऱ्यावर येतो. हा द्वितीयक कार्बोकॅटायन (धनभाराच्या कार्बनला दोन कार्बन जोडलेले). शेजारी तीन मिथिल असलेला कार्बन आहे. त्यातला एक मिथिल आपल्या बंधातल्या दोन्ही इलेक्ट्रॉनांसकट दुसऱ्या कार्बनवर सरकतो, आणि धनभार तिसऱ्या कार्बनवर जाऊन तृतीयक (तीन कार्बन जोडलेला, म्हणून जास्त स्थिर) होतो. पाणी आता तिथे येतं. मिळतं ते मुख्यतः २,३-डायमिथिल-२-ब्युटॅनॉल. कार्बनांचा सांगाडाच बदलला.

मर्क्युरिक ॲसिटेटच्या वाटेने गेलात तर ओएच दुसऱ्याच कार्बनवर, सांगाडा जसाच्या तसा: ३,३-डायमिथिल-२-ब्युटॅनॉल. बोरेनच्या वाटेने ओएच पहिल्या कार्बनवर: ३,३-डायमिथिल-१-ब्युटॅनॉल.

एका अल्कीनपासून तीन वेगळे अल्कोहोल. विद्यार्थी पहिल्या वाटेचं उत्तर म्हणून दुसऱ्या वाटेचं उत्पादन लिहितात, ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की हाच रेणू मी सगळ्यांत आधी शिकवतो. मार्कोव्हनिकोव्हचा १८७० चा नियम त्यांनी बरोबर लावलेला असतो. फक्त तो लावल्यावर कार्बोकॅटायन तिथेच थांबेल, हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं.

आम्लाची वाट: इथे पीकेए कळल्याशिवाय पुढे जाऊ नका

पाणी अल्कीनमध्ये आपणहून का जुळत नाही? कारण इथे अल्कीन आम्लारीचं काम करतं. त्याच्या पाय (π) बंधातले, म्हणजे दुहेरी बंधातल्या दुसऱ्या, सैल बंधातले इलेक्ट्रॉन कुणाचा तरी प्रोटॉन घेऊ बघतात, पण ही आम्लारी फार दुबळी आहे. पीकेए म्हणजे आम्लाच्या तीव्रतेचा आकडा, जितका लहान तितकं आम्ल तीव्र. पाण्याचा पीकेए १५.७ आहे, म्हणजे पाणी प्रोटॉन सोडायला अजिबात राजी नाही. (काही पुस्तकांत १४ छापलेला असतो, दोन आकड्यांमागे मोजण्याची पद्धत वेगळी आहे. तुमच्या पुस्तकात जो आहे तोच शेवटपर्यंत धरा.) हायड्रोनियम आयनाचा पीकेए उणे १.७. पीकेएतलं एक एकक म्हणजे दहापट, तेव्हा इथे सतरा शून्यांचा फरक पडतो. आम्ल उत्प्रेरक म्हणून घालतात ते याचसाठी.

एवढं करूनही प्रोटॉन घेण्याची पायरीच सगळ्यांत संथ असते, कारण तयार होणारा कार्बोकॅटायन ऊर्जेने फार वर असतो. तो जितका स्थिर तितकी ही चढण कमी. हा फरक किती मोठा आहे ते आकड्यांत बघा. आम्लात पाणी जुळण्याचा एथिलीनचा वेग १ धरला, तर प्रोपीनचा सुमारे १६ लाख पट आणि २-मिथिलप्रोपीनचा सुमारे २५,००० कोटी पट. प्रत्यक्ष वापरातही हे दिसतं: २-मिथिलप्रोपीन शोषून घ्यायला ६३ टक्क्यांच्या आसपासचं सल्फ्युरिक आम्ल पुरतं, प्रोपीनला ८० टक्के लागतं, एथिलीनला ९८. दुहेरी बंधावर एकेक मिथिल वाढत जातो तसं आम्ल कमी तीव्र चालतं.

मग आम्ल सल्फ्युरिकच का? हायड्रोब्रोमिक तर त्याहून सहज प्रोटॉन देईल! देईलही, पण मागे उरणारा ब्रोमाइड स्वस्थ बसणार नाही. तो स्वतःच कार्बोकॅटायनला जाऊन चिकटेल आणि अल्कोहोलऐवजी अल्किल ब्रोमाइड हाती येईल. सल्फ्युरिकमागे उरणारा बायसल्फेट त्या मानाने निरुपद्रवी. जुळला तरी पाण्यासोबत तापवल्यावर सुटतो. आम्ल निवडताना ते किती तीव्र आहे हे बघायचं आणि प्रोटॉन दिल्यावर काय उरतं हेही बघायचं.

आम्लांच्या तीव्रतेबद्दलचा एक गोंधळ इथेच मिटवायला हवा. फ्लुओरीन सगळ्यांत ऋणविद्युती, म्हणून हायड्रोजन फ्लुओराइड सगळ्यांत तीव्र आम्ल, असं मनात बसलेलं असतं. खरा क्रम नेमका उलटा आहे. हायड्रोजन फ्लुओराइडचा पीकेए ३.२, क्लोराइडचा उणे ७ च्या आसपास, ब्रोमाइडचा उणे ९, आयोडाइडचा उणे १०. आवर्तसारणीत एका ओळीत आडवं जाताना ऋणविद्युतता ठरवते; गणात खाली उतरताना अणूचा आकार आणि बंधाचा जोर ठरवतो. हायड्रोजन-फ्लुओरीन बंध तोडायला मोलमागे सुमारे ५७० किलोज्यूल लागतात, हायड्रोजन-आयोडीनला सुमारे ३००. अल्कीनला जुळण्याचा वेगही याच क्रमाने: आयोडाइड सर्वांत पुढे, फ्लुओराइड सर्वांत मागे. आम्लांचा क्रम समजला असेल तर समावेशन अभिक्रियांचा क्रम वेगळा पाठ करावा लागत नाही.

या वाटेचा दुसरा दोष म्हणजे ती दोन्ही दिशांनी चालते. पाणी भरपूर आणि तापमान कमी असेल तर अल्कोहोल. आम्ल संहत आणि तापमान जास्त असेल तर तेच अल्कोहोल पाणी गमावून पुन्हा अल्कीन. कारखान्यात एथिलीनपासून एथॅनॉल करताना फॉस्फोरिक आम्ल सिलिकावर बसवून सुमारे ३०० अंश सेल्सिअस आणि ६० ते ७० वातावरण दाब ठेवतात. तरी एका फेरीत थोडंच एथिलीन बदलतं, उरलेलं पुन्हा फिरवावं लागतं. ठोक उत्पादनात हे परवडतं, छोट्या फ्लास्कमधल्या नाजूक रेणूला नाही.

पारा: काम चोख, पण किंमत वेगळीच

ऑक्सिमर्क्युरेशनमध्ये पारा दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनांना एकाच वेळी धरतो आणि तीन सदस्यांचा पूल तयार होतो. धनभार एका कार्बनवर मोकळा पडत नाही, म्हणून मिथिल सरकायला कारणच उरत नाही. पाणी मागच्या बाजूने, जास्त प्रतिस्थापित कार्बनवर येतं. नंतर सोडियम बोरोहायड्राइड घातलं की पाऱ्याच्या जागी हायड्रोजन बसतो.

अभिक्रिया पुढे सरकलेली डोळ्यांना दिसते. मर्क्युरिक ॲसिटेटच्या पाण्यातल्या द्रावणात टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान हा द्रावक) ओतलं की गडद पिवळा गढूळपणा येतो. अल्कीन घातल्यावर हा पिवळेपणा विरत जातो, कित्येकदा काही मिनिटांतच. शेवटी बोरोहायड्राइडनंतर तळाशी पाऱ्याचा चकचकीत थेंब साठतो. तो थेंब बघितला की या वाटेचा खरा खर्च कळतो. पारा विषारी आहे, प्रत्येक मोल अल्कीनमागे मोलभर लागतो, आणि तो सगळा वेगळा गोळा करून नीट विल्हेवाटीला द्यावा लागतो. कागदावर मी ही वाट बिनदिक्कत सुचवेन. प्रयोगशाळेत दुसरा पर्याय असेल तर नाही.

बोरेन: उलट दिशा, आणि त्यातही आम्ल-आम्लारीच

एच. सी. ब्राउन आणि बी. सी. सुब्बा राव यांनी १९५६ मध्ये दाखवलं की अल्कीन आणि बोरेन सौम्य परिस्थितीतही सहज जुळतात. ब्राउन यांना १९७९ चं नोबेल मिळालं ते बोरॉनच्या संयुगांवरच्या कामासाठीच. बोरेनमधल्या बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे तो लुईस आम्ल (इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारणारा). पाय बंधाचे इलेक्ट्रॉन त्याच्याकडे वळतात, आणि त्याच क्षणी बोरॉनवरचा हायड्रोजन शेजारच्या कार्बनवर उतरतो. चार केंद्रांची एकच पायरी, मोकळा कार्बोकॅटायन कुठेच नाही. बोरॉन कमी गर्दीच्या कार्बनवर बसतो आणि नंतर ओएच त्याचीच जागा घेतो.

म्हणून 'मार्कोव्हनिकोव्हच्या उलट' हे शब्द मला पुरेसे वाटत नाहीत. नियम मोडलेला नाही. इलेक्ट्रॉन शोधणारा भाग जास्त हायड्रोजन असलेल्या कार्बनवरच बसलाय, फक्त या वेळी तो भाग प्रोटॉन नसून बोरॉन आहे.

दुसऱ्या पायरीत हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालतात. हायड्रॉक्साइड कशाला, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. पेरॉक्साइडचा पीकेए ११.६, पाण्याचा १५.७. चार एककांचा फरक, म्हणजे हायड्रॉक्साइड पेरॉक्साइडचा प्रोटॉन सहज काढून घेतो. त्यातून बनलेला हायड्रोपेरॉक्साइड आयन बोरॉनला चिकटतो, मग अल्किल गट बोरॉनवरून ऑक्सिजनवर सरकतो. सरकताना तो आपली बाजू बदलत नाही. म्हणूनच १-मिथिलसायक्लोपेंटीनपासून ट्रान्स-२-मिथिलसायक्लोपेंटॅनॉल मिळतं: हायड्रोजन आणि ओएच वलयाच्या एकाच बाजूने आले, त्यामुळे मिथिल विरुद्ध बाजूला गेला. बाजू ठरवायची असेल तर तिघांत हाच एक भरवशाचा.

जागेच्या बाबतीत साधा बोरेन शंभर टक्के चोख नाही. १-हेक्झीनवर सुमारे ९४ टक्के टोकाला, ६ टक्के आत. ९-बीबीएन या अवजड बोरेनने हेच ९९.९ टक्क्यांपर्यंत जातं, आणि दोन दुहेरी बंध असतील तर तो कमी गर्दीचा बंध आधी गाठतो. मात्र बोरेन पाण्यावर हायड्रोजन वायू सोडतो, म्हणून भांडी कोरडी आणि वर नायट्रोजन हवाच. पेरॉक्साइड थेंबाथेंबाने, बर्फात ठेवून घालायचं. रेणूत कार्बोक्झिलिक आम्लाचा गट असेल तर बोरेन त्यालाही अल्कोहोलपर्यंत क्षपित करतो, हे विसरू नका.

कुणी काय निवडावं

अल्कीनपासून थेट तृतीयक कार्बोकॅटायन होत असेल तर आम्लच घ्या. २-मिथिलप्रोपीनसाठी पारा किंवा बोरेन आणणं उगाच आहे. कार्बोकॅटायनला सरकून आणखी स्थिर व्हायला जागाच नाही. पण रेणूत ॲसिटालसारखा आम्लात तुटणारा गट असेल किंवा अल्कीन स्टायरीनसारखं आम्लात पॉलिमर होणारं असेल, तर ही वाट बंद समजा.

द्वितीयक कार्बोकॅटायन होत असेल आणि ओएच आतल्या कार्बनवर हवा असेल तर उत्तरपत्रिकेत ऑक्सिमर्क्युरेशन लिहा. १-हेक्झीनवर आम्ल वापरलं तर हायड्राइड (दोन इलेक्ट्रॉनांसकट हायड्रोजन) सरकून २-हेक्झॅनॉलसोबत ३-हेक्झॅनॉलही येतं. पाऱ्याने २-हेक्झॅनॉल जवळजवळ एकटं मिळतं. एक सावधगिरी: रेणूत योग्य अंतरावर आधीच एखादा ओएच असेल तर पाण्याऐवजी तोच आत घुसून वलय तयार करू शकतो.

ओएच टोकाला हवा किंवा बाजू ठरलेली हवी, तर बोरेन. हायड्रोजन ब्रोमाइड आणि पेरॉक्साइडची जी वाट १९३३ मध्ये खराश आणि मेयो यांनी उलगडली, तीही टोकाकडेच नेते. पण ती मुक्तमूलकांची (एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या कणांची) आहे, तिच्यातून अल्कोहोल नव्हे तर ब्रोमाइड मिळतं, आणि क्लोराइड-आयोडाइडना ती लागू होत नाही.

ही निवड खरंच जमतेय का ते तपासायला ३,३,३-ट्रायफ्लुओरोप्रोपीन घ्या आणि त्यावर हायड्रोजन क्लोराइड जोडा. पाठ केलेला नियम सांगतो क्लोरीन मधल्या कार्बनवर. प्रत्यक्षात तो टोकाला जातो. ॲसिटिक आम्लाचा पीकेए ४.७६ असताना तीन फ्लुओरीन लावले की तो शून्याच्या जवळ उतरतो. तो गट इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो आणि ऋणभाराला आधार देतो. तोच गट शेजारच्या धनभाराला मात्र नकोसा करून सोडतो, म्हणून धनभार त्याच्यापासून दूर, टोकाच्या कार्बनवर तयार होतो आणि क्लोराइड तिथेच पोहोचतो.