आठ महिने 'रिकाम्या जागा' भरल्यावर: नवोदय आणि सैनिक स्कूलच्या तयारीतला आमचा अनुभव

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते तेव्हा माझ्या भावाने जळगावहून एक पुस्तक आणून माझ्या लेकीच्या हातात ठेवलं. नवोदय आणि सैनिक स्कूल या निवासी शाळांच्या सहावीच्या प्रवेश परीक्षांसाठी मराठी शब्दांचा सराव, आणि तोही 'योग्य शब्द निवडून वाक्य पूर्ण करा' या एकाच प्रकारात. पानावर दहा वाक्यं, प्रत्येकाखाली चार पर्याय, शेवटी उत्तरसूची. किंमत 180 रुपये. मेपासून परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत आम्ही ते वापरलं. मधे कानबाईच्या सणाचे चार दिवस आणि दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या धांदलीत दोन आठवडे सुटले, तेवढेच. पुस्तकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच साच्याची चार-पाच पुस्तकं दुकानात शेजारी-शेजारी असतात आणि मी चाळली ती आतून जवळपास सारखीच निघाली. या प्रकारच्या सरावाने माझ्या मुलीच्या भाषेत काय फरक पडला आणि तो कशामुळे पडला, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. घरात अहिराणी. लेक जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला. गणितात आणि बुद्धिमत्तेत चलाख, मराठीचा पेपर मात्र मागे ओढायचा. शाळेतल्या गुरुजींनी आधीच सांगितलं होतं, "ताई, हिला उतारा समजतो, पण शब्द अडवतात." नवोदयच्या पेपरात 80 प्रश्न, 100 गुण आणि दोन तास. त्यातले 20 प्रश्न, म्हणजे 25 गुण, भाषेचे. सहावीच्या सैनिक स्कूलच्या पेपरात 300 पैकी 50 गुण भाषेचे: 25 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण. साकेगावच्या नवोदयला सहावीत जास्तीत जास्त 80 मुलं घेतात आणि अख्ख्या जळगाव जिल्ह्यातून फॉर्म भरलेले असतात. तिथे 25 गुण ही सोडून देण्यासारखी गोष्ट नाही.

याआधी आम्ही काय करत होतो? समानार्थी शब्दांच्या याद्या. भिंतीवर तक्ता लावला होता. सूर्य म्हणजे रवी, भास्कर, दिनकर, मित्र. मुलगी ते घडाघडा म्हणायची. पण उताऱ्यात 'विनय' आला की थांबायची, कारण तक्त्यातला 'विनय' तिने 'नम्रता'च्या शेजारी उभा असलेलाच पाहिला होता, वाक्यात काम करताना कधी पाहिला नव्हता.

पुस्तकातलं एक वाक्य त्यामुळेच माझ्या लक्षात राहिलं आहे. 'तिच्या बोलण्यात कमालीचा ____ होता.' पर्याय: नम्रता, शालीनता, विनय, ऋजुता. अर्थाने पाहिलं तर चारही चालतील असं वाटतं. मुलीने पटकन 'नम्रता' केलं. मी म्हटलं, आता मोठ्याने पूर्ण वाक्य वाच. "कमालीचा नम्रता होता..." म्हणून स्वतःच थांबली. मग 'कमालीची शालीनता', 'कमालीची ऋजुता' असं पुटपुटली आणि 'विनय'वर बोट ठेवलं. 'ऋजुता' म्हणजे काय हे तिला त्या दिवशी ठाऊकही नव्हतं, तरी तो शब्द स्त्रीलिंगी आहे हे कानाने ओळखलं. शब्दाचं लिंग, त्याच्यामागे येणारं विशेषण, पुढे येणारं क्रियापद, हे सगळं वाक्य दाखवतं. यादीत ते कुठेच नसतं.

सुरुवातीचा दीड महिना मात्र वाया गेल्यासारखाच होता. रोज वीस वाक्यं सोडवायची, उत्तरसूचीशी ताडून पाहायची, चुकलेल्यांवर लाल फुली. रोज सहा-सात चुका, आणि त्या कमीच होईनात. मग एका संध्याकाळी लाइट गेलेली असताना बॅटरीच्या उजेडात मी तिच्या शेजारी बसून नुसती तिच्या डोळ्यांकडे पाहत राहिले. ती वाक्य रिकाम्या जागेपर्यंत वाचायची आणि तिथून थेट खाली पर्यायांवर उतरायची. रिकाम्या जागेच्या पुढचं वाक्य ती वाचतच नव्हती! 'त्याने रात्रंदिवस अभ्यास केला, ____ त्याला अपेक्षित यश मिळाले नाही.' पर्याय: म्हणून, तरीही, कारण, आणि. अभ्यास केला असं वाचलं की पुढे 'म्हणून' येणार, असं गृहीत धरून मोकळी. शेवटचा 'नाही' वाचला असता तर चूक झालीच नसती.

त्या दिवसापासून आम्ही पद्धत बदलली, आणि माझ्या मते खरा फायदा तिथून सुरू झाला. पर्यायांवर पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा ठेवायचा. वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचायचं. मग जागेवर स्वतःच्या मनातला शब्द म्हणायचा, कोणताही, अहिराणीतला असला तरी चालेल. त्यानंतरच पुठ्ठा काढायचा आणि आपल्या शब्दाच्या सगळ्यात जवळचा पर्याय शोधायचा.

'मजूर कापूस ____ शेतात गेले.' तिने पुठ्ठ्यावर हात ठेवूनच उत्तर दिलं, "मजूर कापूस येचाले गयात." पुठ्ठा काढला तर खाली तोडायला, खुडायला, वेचायला, उपटायला. हसत 'वेचायला'वर खूण केली. आपल्या घरचा 'येचाले' आणि पुस्तकातला 'वेचायला' एकच आहेत हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. इतके दिवस ती अहिराणी बाजूला ठेवून मराठी शोधत होती. शाळेच्या भाषेकडे जाणारी वाट घरातूनच निघते हे तिला त्या दिवशी दिसलं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

त्या एका वाक्यावर आम्ही आठवडाभर रमलो. कापूस वेचतात, भाजी खुडतात, भुईमूग उपटतात, केळीचा घड कापतात, शेंगा तोडतात. आबा ओट्यावर बसून एकेक पीक सांगायचे आणि ती क्रियापद लावायची. 'तोडणे', 'खुडणे', 'उपटणे' यांचा अर्थ शब्दकोशात पाहिला तर एकमेकांच्या अंगावर येतो. शेतात पाहिला तर कुणाचा हात कुठे जातो ते स्पष्ट दिसतं. भाजीचा शेंडा नखाने खुडतात, भुईमूग मुळासकट वर येतो. मग तिने स्वतः वाक्यं बनवायला सुरुवात केली आणि धाकट्या भावाला सोडवायला द्यायची. चार पर्याय तयार करणं हे उत्तर शोधण्यापेक्षा अवघड आहे. चुकीचे तीन पर्याय असे निवडावे लागतात की ते बरोबर वाटावेत, पण बसू नयेत. ते करताना ती शब्द जितके उलटेपालटे करून पाहायची, तितके पुस्तकाने तिच्याकडून कधी करून घेतले नव्हते.

आता पुस्तकाच्या उणिवा, कारण त्यांनी आम्हाला त्रास दिला. पहिली आणि मोठी: उत्तरसूचीत फक्त आकडा. 47 - (3). का (3), हे कुठेच नाही. आई-बाप जवळ बसणारे नसतील तर मूल चूक पाहील, फुली मारील आणि पुढे जाईल. दुसरी: काही वाक्यांना दोन उत्तरं बरोबर येतात. 'पाहता पाहता आभाळ ____ आले.' पर्यायांत 'भरून'ही आहे आणि 'दाटून'ही. सूची म्हणते 'भरून'. मुलीने 'दाटून' लिहिलं होतं, ती रडवेली झाली. गुरुजींना विचारलं, ते म्हणाले दोन्ही बरोबर, तुमच्या मुलीला पूर्ण गुण द्या. तसंच 'प्रयत्नांची ____ केली' या वाक्यात 'पराकाष्ठा' आणि 'शिकस्त' दोन्ही दिलेत! अशी चौदा वाक्यं आम्हाला सापडली आणि त्यांच्यापुढे पेनने गोल केलेत. दहा वर्षांच्या मुलाला आपलं बरोबर असताना चूक म्हणून सांगणं फार वाईट. त्याचा पुढच्या दहा उत्तरांवरचा विश्वास जातो. छापणाऱ्यांनी हे नीट तपासून घ्यायलाच हवं.

शुद्धलेखनाच्या चुकाही आहेत, 'ईच्छा' तर दोनदा. शब्दांच्या पुस्तकात हे खपवून घेता येत नाही.

मधे एक महिना मोबाइलवरचं अशाच सरावाचं ॲपही वापरलं. भाचीसाठी मामाने पैसे भरले होते. त्यात उत्तर दाबलं की लगेच हिरवं किंवा लाल. मुलगी दहा मिनिटांत चाळीस वाक्यं उडवायची आणि खूश असायची. दुसऱ्या दिवशी त्यातलेच दहा शब्द तोंडी विचारले तर चार सांगायची. तिथे पुठ्ठा ठेवायला जागाच नव्हती, पर्याय वाक्याबरोबरच समोर येतात. आम्ही ते बंद केलं.

ज्यांची मुलं आमच्यासारखी खानदेशी बोली बोलत मोठी झाली आहेत त्यांना एक खास फायदा सांगते. आपल्याकडे 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याला डोया, केळीला केयी. लेकीच्या वहीत 'काजय', 'फय' असं यायचं आणि लाल शाई वाढायची. चार पर्यायांत योग्य रूप छापील पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून गेल्यावर, मी वेगळं काही न शिकवता, दिवाळीपर्यंत वहीतला 'ळ' जागेवर आला. बोलताना ती आजीशी 'डोया'च म्हणते आणि तसंच म्हणावं असं मला मनापासून वाटतं.

पण हेही नीट समजून घ्या की नवोदयच्या भाषेच्या भागात रिकाम्या जागा थेट येत नाहीत. तिथे चार उतारे असतात, प्रत्येकावर पाच प्रश्न. फक्त रिकाम्या जागांवर अवलंबून राहिलात तर मूल उताऱ्यासमोर गोंधळेल. आम्हाला ते ऑगस्टमध्ये कळलं, जेव्हा पहिल्या सराव पेपरात भाषेचे 20 पैकी 11 आले. त्यानंतर रोज दहा वाक्यं आणि एक उतारा असं केलं. उताऱ्यात अनोळखी शब्द आला की त्याच्यावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा, म्हणजे त्याची रिकामी जागाच झाली, आणि वाक्यावरून तिथे काय बसेल ते सांगायचं. 'या शब्दाचा अर्थ काय' असा प्रश्न आला की तिच्याकडे उत्तर आधीच तयार असायचं. डिसेंबरच्या सराव पेपरांत 17-18 येऊ लागले. नवोदय आणि सैनिक स्कूल, दोन्हीकडे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे अडलेला प्रश्न कोरा सोडायचा नाही, निदान लिंग-वचनाने न बसणारे पर्याय खोडून उरलेल्यांतून निवडायचा, हेही याच सरावाने तिच्या अंगवळणी पडलं.

परीक्षा देऊन आली तेव्हा बसस्टँडवरच म्हणाली, "आई, एक शब्द माहीत नव्हता, पण मी त्याच्यावर बोट ठेवून वाचलं." निकाल अजून लागायचा आहे.

पुस्तक घ्यायचं असेल तर चौथीच्या उन्हाळ्यात घ्या, म्हणजे घाई होत नाही. दिवसाला दहाच वाक्यं, पण प्रत्येकाचं 'का' मुलाच्या तोंडून ऐका. स्वतःला वेळ नसेल तर घरातल्या कुणालातरी शेजारी बसवा, आजोबा उत्तम. उत्तरं पेन्सिलने लिहा. आमचं पुस्तक आता माझ्या जावेच्या मुलासाठी तयार होतं आहे. लेकीने आठवडाभर बसून सगळी पेन्सिल खोडली, चौदा वाक्यांपुढचे गोल तसेच ठेवले आणि प्रत्येकाशेजारी छोट्या अक्षरात लिहिलं, 'इथे दोन्ही बरोबर'. पुठ्ठाही त्यातच ठेवला आहे.